नाव झाकलेलं हॉटेल घ्यावं की नाही?

दिवाळी संपली की युरोपच्या प्रवासाबद्दलची पत्रं वाढतात. कोणाची लेक जर्मनीत, कोणाचा मुलगा नेदरलँड्समध्ये. मे-जूनचे बेत थंडीतच ठरतात. या वेळी बहुतेकांनी हॉटेलांबद्दलच विचारलंय, त्यामुळे हा अंक त्यालाच दिला आहे. लातूरला माझ्या टेबलासमोर बसून लोक जे विचारतात, तेच पत्रांतही आहे.

नमस्कार ताई. आमची उदगीरला आडत आहे. धाकटी लेक श्टुटगार्टला नोकरीला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको तिच्याकडं जायलोत. तिच्याकडं आठ-दहा दिवस राहून पुढं पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम आणि रोम बघायचं. तिला रजा नाही, म्हणून पुढं आम्ही दोघंच. पुतण्या म्हणतो, हॉटेलाच्या खोलीला बोली लावायच्या वेबसाइट असतात, दोनशे युरोची खोली शंभरात पडते. हाळीच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तसलं काही आहे का? आमच्यासारख्यांनी त्यात पडावं का?
— एक आडत व्यापारी, उदगीर

काका, पुतण्या म्हणतो ते खरं, पण मागच्या काळातलं. प्राइसलाइन नावाच्या अमेरिकी कंपनीने 1998 मध्ये ही बोलीची पद्धत आणली. शहराचा भाग निवडायचा, किती ताऱ्यांचं हॉटेल हवं ते सांगायचं, आपला आकडा टाकायचा आणि कार्डाचा नंबर आधीच देऊन ठेवायचा. त्या भागातल्या एखाद्या हॉटेलाला आकडा पटला की पैसे तिथल्या तिथे कापले जायचे आणि मग कळायचं की हॉटेल कोणतं. नाही पटला तर लगेच त्याच भागासाठी दुसरा आकडा टाकता येत नसे. भाग किंवा तारे बदलावे लागत, नाहीतर थांबावं लागे. मुरलेले लोक त्यातही वाट काढत. ज्या भागात चार ताऱ्यांचं हॉटेलच नाही, असा भाग यादीत वाढवायचा; म्हणजे नवी बोली लावता येई आणि भलतीकडे खोली पडायची भीतीही नसे. 2016 मध्ये विमानतिकिटांची बोली बंद झाली आणि पुढे हॉटेलांचीही.

आता उरलंय ते वेगळं. आकडा वेबसाइटच सांगते आणि हॉटेलाचं नाव झाकून ठेवते. प्राइसलाइनवर याला एक्स्प्रेस डील म्हणतात, हॉटवायरवर हॉट रेट, लंडनमध्ये सुरू झालेल्या लास्टमिनिटवर टॉप सिक्रेट हॉटेल. शहराचा भाग, तारे, पाहुण्यांनी दिलेले गुण, नाश्ता आहे की नाही, वायफाय आहे की नाही, हे सगळं सांगतात. नाव आणि पत्ता मात्र पैसे भरल्यावर. हाळीला तुम्ही बैल चालवून बघता, दात बघता, खांदा दाबून बघता आणि मग रुमालाखाली हात घालता. तिथे बैल उघडा आणि भाव झाकलेला. इथे भाव उघडा आणि बैल झाकलेला. एवढा फरक ध्यानात ठेवलात तर पुढचं सगळं आपोआप समजेल.

हॉटेलवाले असं का करतात, तेही सांगते, कारण त्यावरून कुठे फायदा आणि कुठे नाही ते कळतं. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. पण भाव उघडपणे उतरवला तर ज्या कंपन्यांशी वर्षाचे करार आहेत त्या कुरकुर करतात आणि आधी जास्त पैसे भरलेलं गिऱ्हाईकही भांडतं. म्हणून नाव न लावता माल काढायचा. याचा अर्थ असा की जिथे मोठमोठी हॉटेलं आहेत आणि खोल्या रिकाम्या राहतात, तिथेच हा व्यवहार खरा स्वस्त पडतो. ब्रसेल्स, फ्रँकफुर्ट, बर्लिन, व्हिएन्ना ही तशी शहरं. ब्रसेल्स आणि फ्रँकफुर्टला आठवडाभर साहेबलोकांची वर्दळ, शनिवार-रविवारी शुकशुकाट. भाव तेव्हाच उतरतात. ब्रसेल्सला जुलै-ऑगस्टमध्ये युरोपीय संघाची कार्यालयं सुट्टीवर असतात, तेव्हाही. व्हेनिसला याच्या उलट, शनिवार-रविवारीच झुंबड. तिथे कोणी भाव का पाडेल?

बदल्यात तुम्ही काय सोडता तेही ऐका. रद्द करायचा हक्क सोडता. तारीख बदलता येत नाही. पलंग एक मोठा की दोन वेगळे, ते हॉटेल ठरवतं. हमी दोन माणसांच्या झोपायच्या जागेची, त्यापुढे काही नाही. आणि मजल्यावरची सगळ्यात लहान किंवा लिफ्टला चिकटलेली खोली अशा गिऱ्हाइकाला मिळण्याची शक्यता जास्त. तुमचं वय, काकूंचे गुडघे आणि दोघंच फिरणार हे बघता हे सोडणं कुठे परवडेल आणि कुठे नाही, ते शहराशहराने बघू.

पॅरिसला नाव बघूनच हॉटेल घ्या. श्टुटगार्टहून थेट गाडी सव्वातीन तासांच्या आसपास पॅरिसला गार द लेस्त स्टेशनावर सोडते. अ‍ॅमस्टरडॅमची गाडी गार द्यू नॉर स्टेशनावरून सुटते. ही दोन स्टेशनं एकमेकांपासून पायी दहा मिनिटांवर आहेत. त्यांच्या मधल्या रस्त्यांवर लिफ्ट असलेलं साधं तीन ताऱ्यांचं हॉटेल मिळालं तर बॅगा घेऊन टॅक्सी शोधत फिरायला नको. जवळच ला शापेल भागात तमिळ लोकांची खानावळवजा हॉटेलं आहेत, इडली-डोसा मिळतो, काकूंना आधार होईल. उत्तरेकडच्या गल्ल्यांत रात्री उशिरा मात्र फिरू नका. नाव झाकलेल्या यादीत नुसतं ‘पॅरिस उत्तर’ असं लिहिलेलं असेल, तर तो भाग स्टेशनाजवळचाही असू शकतो आणि शहराच्या रिंगरोडबाहेरचाही. रोजचं दोघांचं भाडं आणि जाण्यायेण्याचे दोन तास मोजले की वाचलेले वीस युरो तिथेच संपतात.

रोमलाही तेच. तेर्मिनी स्टेशनाभोवती कित्येक हॉटेलं जुन्या इमारतीच्या एखाद्याच मजल्यावर असतात. खाली रस्त्यावर नुसती पाटी, वर जायला दोन माणसं आणि एक बॅग मावेल एवढी लिफ्ट, किंवा तीही नाही. आणि तिथला पहिला मजला म्हणजे रस्त्याच्या वरचा. रस्त्याच्या पातळीचा मजला ते शून्य धरतात. ‘तिसऱ्या मजल्यावर आहे’ असं वाचलंत तर चढायचे मजले मोजून बघा.

झाकलेल्या नावाचा सौदा करायचाच असेल तर अ‍ॅमस्टरडॅमला करा, आणि चार ताऱ्यांच्या खाली उतरू नका. कालव्याकाठच्या जुन्या घरांतली हॉटेलं दिसायला फार देखणी, पण त्यांचे जिने शिडीसारखे उभे असतात. चार ताऱ्यांची बहुतेक हॉटेलं मोठ्या इमारतींत, लिफ्ट असलेली. भाग निवडताना शहराचा दक्षिण भाग किंवा स्लोटरडाइक घ्या, गाडीने काही मिनिटांत मध्यवर्ती स्टेशन गाठता येतं. काही वेबसाइट तीन हॉटेलं दाखवतात आणि त्यांतलं एक मिळेल म्हणतात. त्या तिघांतलं सगळ्यात कमी प्रतीचं कोणतं ते बघायचं आणि ते चालणार असेल तरच पैसे भरायचे. चांगलं मिळालं तर आनंदच आहे.

आणखी एक, काका. लेकीला सांगा की भाव बघितल्यावर त्याच हॉटेलाला सरळ ईमेल करून विचार. पूर्वी बुकिंग डॉट कॉमचा हॉटेलांशी करार असे की आमच्यापेक्षा कमी भाव स्वतःच्या वेबसाइटवर लावायचा नाही. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे 2024 मध्ये ती अट तिथून गेली. वेबसाइटला जे कमिशन जातं, त्यातलं थोडं सोडायला लहान हॉटेलवाला तयार असतो. भाव कमी झाला नाही तरी नाश्ता किंवा वरच्या दर्जाची खोली मिळू शकते. लेक जर्मनीतून फोनही करू शकते. आडतीवर आयुष्य काढलेल्या माणसाने मालकाशी थेट बोलणं सोडू नये.

बाई नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, मिस्टरही शिक्षकच होते. आम्ही दोघं आणि माझी बहीण असे तिघं ऑस्ट्रिया, चेक आणि इटलीला जाणार आहोत. व्हिसाच्या कागदांत हॉटेलचं बुकिंग मागतात. स्वस्त पडतात म्हणून परत न मिळणाऱ्या दरातल्या खोल्याच घेऊन टाकाव्यात का? म्हणजे फाईलपण होईल आणि पैसेपण वाचतील.
— नांदेड

बाई, नका घेऊ. व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारं काहीही घ्यायचं नाही, मग ती खोली असो की विमानाचं तिकीट.

शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, सगळ्या रात्रींचा मुक्काम कुठे, याचा कागद लागतो. एकही रात्र मोकळी दिसता कामा नये. रात्रीच्या गाडीने प्रवास असेल तर त्या रात्रीचं तिकीट जोडायचं. पण ते बुकिंग पैसे भरून पक्कं केलेलंच हवं असं नाही. मोफत रद्द होणाऱ्या दरात खोली घ्या. असा दर थोडा जास्त असतो, ती तुमच्या निश्चिंतपणाची किंमत समजा. व्हिसा नाकारला किंवा उशीर होतोय असं दिसलं तर मुदतीच्या आत रद्द करा, कार्डाला एक रुपया लागत नाही. व्हिसाची फी मात्र परत मिळत नाही. जून 2024 पासून ती मोठ्या माणसाला 90 युरो आहे, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च वेगळा. किमान 30,000 युरोचा प्रवासविमाही लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यातल्या प्रवासाला मुंबई-पुण्याच्या केंद्रांत तारखा भराभर संपतात, तेव्हा पंधरा दिवसांवर विसंबू नका.

अर्ज कोणत्या देशाकडे, हे रात्री मोजून ठरतं. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे. तुम्ही पाठवलेल्या यादीत इटलीच्या रात्री सगळ्यात जास्त आहेत, म्हणजे अर्ज इटलीकडे. पुढे स्वस्त खोली मिळाली म्हणून व्हिएन्नाच्या रात्री वाढवून इटलीच्या कमी करू नका. त्याच शहरात, त्याच तारखांना हॉटेल बदललं तर अडचण येत नाही. देशांचा हिशोब बदलला तर विमानतळावर उत्तरं द्यावी लागतात. म्हणून मी असं सांगते: व्हिसा मिळाला की महिनाभर आधी पुन्हा एकदा भाव बघा. उतरले असतील तर नवी खोली आधी पक्की करा आणि मगच जुनी रद्द करा. रद्द करायची मुदत हॉटेलच्या गावच्या वेळेप्रमाणे असते, आपल्या नाही. नव्या बुकिंगचा कागद छापून पासपोर्टसोबत ठेवा, सीमेवर विचारतात.

नावाकडे फार लक्ष द्या, बाई. आपल्याकडे कितीतरी बायकांच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं, आणि बुकिंग करणारा मुलगा घरात हाक मारतात तेच नाव टाकतो. समोर फाईल उघडली की मी सगळ्यात आधी पासपोर्ट आणि हॉटेलचा कागद शेजारी शेजारी ठेवते आणि बोट फिरवत एकेक अक्षर जुळवते. स्वस्त सौद्याच्या कागदावर बऱ्याचदा एकाच माणसाचं नाव येतं. तिघांची फाईल असेल तर तिघांची नावं हॉटेलकडून ईमेलवर मागून घ्या. तुमच्या बहिणीचं नाव राहिलं तर प्रश्न तिच्या अर्जाला पडणार.

तिघांना एक खोली हवी असेल तर झाकलेल्या नावाच्या वाटेला जाऊच नका. दोनच माणसांची हमी असते. तिघांची खोली म्हणून जी मिळते तीच नावानिशी घ्या.

मॅडम, वेबसाइटवर लाल अक्षरांत ‘शेवटची एकच खोली शिल्लक’ आणि ‘आत्ता 14 जण बघत आहेत’ असं येतं. खरं असतं का? बायको म्हणते लगेच घ्या.
— परभणी

भाऊ, त्या वाक्याचा अर्थ एवढाच की त्या वेबसाइटकडे, त्या दरातली, त्या प्रकारची एक खोली उरली आहे. हॉटेलात चाळीस रिकाम्या असू शकतात. हे माझं एकटीचं मत नाही. युरोपीय आयोग आणि तिथल्या ग्राहक यंत्रणांनी बुकिंग डॉट कॉमकडून 2019 मध्ये आणि एक्सपीडियाकडून 2020 मध्ये लेखी हमी घेतली आहे की अशी सूचना फक्त आपल्या वेबसाइटपुरती आहे हे स्पष्ट लिहायचं, आजच संपणारी म्हणून जाहीर केलेली सूट उद्याही त्याच भावात ठेवायची नाही, आणि कर-शुल्कासह पूर्ण रक्कम दाखवायची. ब्रिटनच्या यंत्रणेनेही 2019 मध्ये सहा वेबसाइटना याच कारणासाठी वठणीवर आणलं.

वहिनींना सांगा, मोफत रद्द होणारी खोली असेल तर घ्या लगेच, जीवाला घोर नाही. परत न मिळणारी असेल तर रात्रभर थांबा. सकाळीही तोच भाव दिसेल, नाहीतर शेजारचं हॉटेल दिसेल.

ताई, आम्ही पाच जण: मी, मिस्टर, दहा आणि सहा वर्षांची मुलं आणि सासूबाई. सासूबाईंचं जेवण आमच्याच हातचं लागतं. एकाच खोलीत गादी टाकून भागवलं तर चालतं का? इथे लग्नाला गेलो की आम्ही तसंच करतो.
— जालना

नाही चालत, ताई. तिकडे आगीच्या नियमांमुळे खोलीत किती माणसं झोपतील ते ठरलेलं असतं आणि हॉटेल ते पाळतं. बुकिंगमध्ये दोघं लिहून दारात पाच जण उभे राहिलात तर तुम्हाला दुसरी खोली घ्यायला लावतील, तीही त्या दिवसाच्या भावाने. खोल्या संपल्या असतील तर रात्री नऊ वाजता पोरांना घेऊन फिरायची वेळ येईल. मुलांची वयं बुकिंग करताना खरी खरी भरा. कित्येक हॉटेलं लहान मुलाचे पैसे घेत नाहीत, पण माहिती आधी लागते.

तुमच्यासारख्या कुटुंबाला सवलतीच्या हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेला फ्लॅट किंवा अपार्टहोटेल, म्हणजे खोलीतच स्वयंपाकाची सोय असलेलं हॉटेल, बरं. सासूबाईंना सकाळी स्वतःचा चहा करून घेता आला की त्यांचा दिवस नीट जातो, हे मी कित्येक घरांत पाहिलंय. ब्रिटनमध्ये खोलीत किटली असतेच. युरोपात इतरत्र बहुतेक ठिकाणी नसते, तेव्हा वाचून घ्या. फ्लॅटला घरमालक किल्ली कशी देणार, संध्याकाळी सातनंतर पोहोचलं तर कोण भेटणार, सफाईचे पैसे वेगळे किती, आणि लिफ्ट आहे का, हे चार प्रश्न बुकिंगच्या आधी लिहून विचारा. उत्तर लेखी आलं नाही तर ती जागा सोडा. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, मेतकूट, डाळी खुशाल न्या. दूध आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपीय संघात बाहेरच्या देशातून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा आणि साजूक तुपाचा डबा घरीच ठेवा. त्याचं सासूबाईंना वाईट वाटेल, पण विमानतळावर काढून घेतल्यावर जास्त वाटेल.

मॅडम, मी वाळूजला एका कारखान्यात आहे. एप्रिलमध्ये हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनाला कंपनी पाठवणार आहे, पण हॉटेल माझं मीच बघायचं, नंतर बिल मिळेल. सवलतीच्या वेबसाइटवर सगळंच महाग दिसतंय. प्रदर्शनानंतर स्वतःच्या खर्चाने बर्लिन, प्राग आणि रोमला जाणार आहे, मिसेस तिकडे येईल. कार्डाने पैसे भरताना काय बघावं? आणि हा शहर-कर म्हणजे काय, हॉटेलवाले दारात वेगळे पैसे मागतात म्हणे?
— छत्रपती संभाजीनगर

प्रदर्शनाच्या आठवड्यात हॅनोव्हरला सवलत शोधण्यात वेळ घालवू नका. शहरातली प्रत्येक खोली विकली जाणार हे हॉटेलवाल्याला पक्कं ठाऊक असतं, मग तो नाव झाकून कशाला विकेल? ऑक्टोबरात पुस्तकमेळ्याच्या वेळी फ्रँकफुर्ट, सप्टेंबरअखेर ऑक्टोबरफेस्टला म्युनिक, एप्रिलमध्ये फर्निचर प्रदर्शनाला मिलान, सगळीकडे हेच. तुम्ही रेल्वेच्या मार्गावरचं गाव बघा. ब्राउनश्वाइग किंवा हिल्डेसहाइमला राहून रोज गाडीने जाता येतं. दिवस जसे जवळ येतील तसे तिथलेही भाव चढतात, तेव्हा कंपनीचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी खोली धरा, रद्द होणाऱ्या दरात. बिल कंपनीच्या नावाने हवं असेल तर आधी विचारा. वेबसाइटला पैसे भरलेल्या सौद्यात हॉटेल बिल देत नाही, वेबसाइटची पावतीच चालवावी लागते, आणि तुमच्या हिशोब खात्याला ती चालते का हे निघायच्या आधी कळायला हवं.

बर्लिनला मात्र झाकलेल्या नावाचं हॉटेल बिनधास्त घ्या. तुम्ही तरुण आहात, मोठ्या हॉटेलांची तिथे रेलचेल आहे, आणि शहरगाडी कुठूनही कुठेही नेते.

आता शहर-कर. वेबसाइटवर दिसलेल्या भावात तो कधी धरलेला असतो, कधी ‘हॉटेलात भरावा’ असं खाली बारीक लिहिलेलं असतं. प्रत्येक शहराची रीत वेगळी. बर्लिनला खोलीच्या भाड्यावर साडेसात टक्के, 2025 पासून. अ‍ॅमस्टरडॅमला साडेबारा टक्के, युरोपातल्या सगळ्यात जड करांपैकी एक. प्रागला माणशी रात्रीला 50 कोरुना (तिथलं चलन). पॅरिसला माणशी, ताऱ्यांप्रमाणे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना माफ. रोमला 2023 च्या ऑक्टोबरपासून तीन ताऱ्यांच्या हॉटेलात माणशी रात्रीला 6 युरो, चार ताऱ्यांना साडेसात, पाच ताऱ्यांना 10. दहा रात्रींपर्यंतच, आणि दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. तुम्ही दोघं चार ताऱ्यांत तीन रात्री राहिलात तर 45 युरो होतात. समजा नाव झाकलेल्या सौद्यात तीन रात्रींत 40 युरो वाचले म्हणून तीन ताऱ्यांऐवजी चार तारे घेतले. तीन ताऱ्यांना कर 36 झाला असता, इथे 45. म्हणजे नऊ युरो त्यातच गेले. नाश्ता कुठे भावात आहे आणि कुठे नाही तेही मांडा. दोघांचा नाश्ता वेगळा घ्यावा लागला तर उरलेले 31 एक-दोन सकाळींतच जातात. वहीत प्रत्येक हॉटेलासमोर एकच आकडा लिहायची सवय ठेवा: खोली, कर, नाश्ता आणि स्टेशनापासूनचं भाडं मिळून. त्या आकड्यावर तुलना करा, लाल अक्षरांतल्या टक्केवारीवर नाही.

कार्डाचं असं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 2020 पासून कार्डावर परदेशी व्यवहार आपण स्वतः सुरू केल्याशिवाय होत नाहीत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन तो सुरू करा, मर्यादा हॉटेलच्या रकमेच्या थोडी वर ठेवा आणि काम झालं की परत बंद करा. परदेशी वेबसाइट कित्येकदा ओटीपी न विचारताच पैसे कापतात, त्यामुळे हे बंद-चालू करणं हाच तुमचा कडीकोयंडा. परकी चलनावर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के जादा लावते, वर त्या जादा रकमेवर 18 टक्के जीएसटी. दोन कार्डं असतील तर कमी लावणारं कोणतं ते बघून घ्या. हॉटेलच्या काउंटरवर मशीन विचारेल, ‘रुपयांत की युरोत?’ युरोच म्हणा. रुपयांत म्हणालात तर दर मशीनवाला ठरवतो आणि तो आपल्या बँकेपेक्षा चढाच असतो. आपण पोहोचलो की हॉटेलं अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या; डेबिट कार्ड दिलं तर तुमच्या खात्यातले खरे पैसे काही दिवस अडकतात आणि पुढच्या गावी अडचण होते.

ताई, व्हिएन्नाच्या हॉटेलचं बुकिंग झालं. दोन दिवसांनी हॉटेलच्या नावाने मेसेज आला की चोवीस तासांत कार्डाची पडताळणी करा, नाहीतर बुकिंग रद्द. मेसेजमध्ये माझं नाव, तारखा, सगळं बरोबर होतं. लिंक उघडू का?
— धाराशिव

उघडू नका. नाव आणि तारखा बरोबर आहेत म्हणून तो खरा ठरत नाही. चोर हॉटेलच्या संगणकाचा पासवर्ड चोरतात, पाहुण्यांची यादी मिळवतात आणि प्रत्येकाला असं पत्र धाडतात. म्हणून तो ओळखीचा वाटतो, आणि वेळेचा धाक घातलेला असतो म्हणून माणूस घाईत कार्डाचा नंबर देऊन बसतो.

ज्या वेबसाइटवर बुकिंग केलं तिथे स्वतः पत्ता टाइप करून जा आणि तुमचं बुकिंग उघडा. तिथे पैसे बाकी दिसत नसतील तर काही भरायचं नाही. हॉटेलचा फोन नंबर नकाशावरून शोधा, मेसेजमधला घेऊ नका, आणि फोन करा. व्हिएन्नाची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, तेव्हा दुपारी दोननंतर लावा, रिसेप्शनवर इंग्रजी बोलतात. आणि चुकून कार्डाची माहिती भरली गेली असेल तर हे उत्तर पुरतं वाचायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड बंद करा, मग बँकेला कळवा आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर नोंद होईल तितकी पैसे थांबवले जाण्याची शक्यता जास्त. बुकिंगचं काय ते नंतर बघता येईल, मला कळवा.